चार फूट सात

“शून्य हललं तर बघ हं, मॅनेजर!”

हेमाआत्या टेपचा डबा घेऊन खोलीच्या पलीकडच्या टोकाला गेली होती आणि मी टेपचं टोक अलीकडच्या कोपऱ्यात अंगठ्यानं दाबून बसले होते. मी तेव्हा आठवीत होते. (आता दहावीत आहे, म्हणजे अगदीच अनुभवी.) आठवीतली मी म्हणजे उत्तर येत असूनही वर्गात हात वर न करणारी मुलगी. आत्याबरोबर असताना मात्र माझी टकळी थांबायची नाही, म्हणून तिनं मला मॅनेजर हे पद दिलं होतं. पगार, शनिवारी एक भेळ.

“अकरा फूट साडेतीन!” आत्या ओरडली. मी वहीत लिहिलं.

घर होतं सुलोचना कोष्टी काकूंचं. आमच्या गावाला नदी वळसा घालते, त्या वळशाच्या पोटात खालची गल्ली आहे, तिथं. काकू एकट्या राहायच्या आणि घरीच शिवणाचे क्लास घ्यायच्या. गावातल्या निम्म्या ब्लाउजांवर त्यांचा किंवा त्यांच्या विद्यार्थिनींचा हात फिरलेला. मुलगा, अभयदादा, पुण्यात नोकरीला. आदल्या वर्षीच्या पुरात त्या गल्लीतली सगळी घरं बुडाली, तसं हेही. आता नवा गिलावा, नवी फरशी, भिंतींना पांढराशुभ्र रंग. आत काय-कुठं बसवायचं ते ठरवायला काकूंनी हेमाआत्याला बोलावलं होतं.

आणि हे काम आत्यासाठी साधं नव्हतं. बाबांच्या सुतारकामाच्या कारखान्यात पोटमाळ्यावर एक खोली होती. तिच्या दाराला ‘हेमांगी इंटिरिअर्स’ अशी पाटी होती. दोन वर्षांत त्या पाटीनं तीन स्वयंपाकघरं आणि औषधाच्या दुकानाचं एक काउंटर एवढंच पाहिलं होतं. अख्खं घर हे पहिलंच. आणि त्याच आठवड्यात पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं होतं. नोकरी पक्की, पंधरा दिवसांत कळवा. आत्या म्हणाली होती, “काकूंचं काम मिळालं तर राहीन. नाहीतर पाटी उतरवायची.”

तिनं हे हसत म्हटलं होतं. मला नव्हतं हसू आलं. आत्या गेली असती तर माझं पद, माझी भेळ आणि मी ज्या एकाच माणसाशी भरभरून बोलायचे ते माणूस, सगळंच एका एसटीत बसून गेलं असतं.

“तुमची उंची किती, काकू?” आत्यानं विचारलं. “ओट्यासाठी लागते. कोपर कुठं येतं ते बघते.”

“आता या वयात उंची मोजताय होय?” काकू हसल्या. भिंतीला टाच लावून ताठ उभ्या राहिल्या, शाळेत उभं राहतात तशा. चार फूट दहा. माझ्यापेक्षा बोटभर बुटक्या. मला फारच बरं वाटलं.

कोठीच्या खोलीत दाराच्या मागे मात्र एक गंमत दिसली. सगळ्या घराला रंग दिलेला, पण तिथं हातभर रुंदीची एक पट्टी तशीच सोडलेली. जुना, पोपडे आलेला गिलावा, आणि त्यावर पेन्सिलीनं ओढलेली एक आडवी रेघ. रेघेखाली एक तारीख आणि ‘पहाटे’ असं लिहिलेलं.

“काकू, इथं रंगवाला विसरला.”

“विसरला न्हाई. मीच नको म्हटलं.” काकू पटकन पुढं आल्या. “तिथलं मोजू नकोस बाळ. असू दे ते.”

त्यांनी दार लोटलं. पण मी मॅनेजर होते. त्या पाणी आणायला गेल्यावर मी मोजलंच. फरशीपासून चार फूट सात इंच. वहीत लिहिलं: ‘दाराच्या मागे रेघ, ४–७.’

पोटमाळ्यावर परत येऊन आत्यानं मापं घराची चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये घातली तेव्हा त्या ओळीवर तिचं बोट थांबलं. “रेघ? रेघ कुठं घालू मी? खिडकी नाही, दार नाही, कपाट नाही.” आणि ती पुढच्या ओळीवर गेली.

आत्याच्या सॉफ्टवेअरबद्दल थोडं सांगायलाच हवं. तिनं त्याची व्यावसायिकांसाठीची महागातली आवृत्ती घेतली होती. आणि वापरायची कशी, तर भिंती उभ्या करायच्या, सॉफ्टवेअरमधलं तयार सामान उचलायचं आणि खोलीत ठेवायचं. झालं! म्हणजे विमान विकत घ्यायचं आणि त्यातून मंडईत जायचं. त्या तयार सामानातल्या प्रत्येक टेबलावर हिरव्या सफरचंदांचा वाडगा असायचा. आमच्या गावात हिरवं सफरचंद मी आजतागायत पाहिलेलं नाही. आणि नवीन फाइल उघडली की मध्यभागी एक उंचापुरा माणूस उभा असायचा, खोलीची उंची कळावी म्हणून. दोन्ही हात खिशात. काही करायचा नाही, नुसता उभा. आम्ही त्याचं नाव ‘जावईबापू’ ठेवलं होतं.

“जावईबापूंना जरा बाजूला करा, ओटा दिसत नाही,” आत्या म्हणायची आणि मी त्यांना उचलून अंगणात ठेवायचे.

बाबा खालून लाकडाचा भुस्सा झटकत वर यायचे, पडद्यावरचं चकाचक घर बघायचे आणि म्हणायचे, “हेमे, तुझ्या कॉम्प्युटरात एक बरं आहे. प्लाय फुगत नाही.”

“दादा, तू रंधा मार जा.”

असं आमचं ऑफिस.

पहिलं डिझाइन बघायला काकू स्वतः आल्या, पोटमाळ्याच्या जिन्यावर पदर सावरत. फोनवर व्हिडिओ लावून अभयदादाही होता. आत्यानं घर गोल गोल फिरवून दाखवलं. ओट्याखाली गुळगुळीत खण, हॉलमध्ये जमिनीलगत लांबच लांब टीव्हीचं कपाट, शिवणाच्या खोलीत मोठं टेबल आणि खाली कापडाचे कप्पे.

“एक नंबर!” अभयदादा म्हणाला. “आई, बघ की, पुण्यात पण असली घरं नसतात.”

काकू पडद्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “खाली काय आहे?”

“कशाच्या खाली?”

“ह्याच्या. ह्या सगळ्याच्या.”

“खाली ड्रॉवर आहेत, काकू. खूप जागा आहे.”

“बरं आहे,” काकू म्हणाल्या. “बघते. सांगते.”

त्या गेल्या. आत्याचा चेहरा उतरला. ‘बरं आहे, बघते’ म्हणजे काय हे आमच्या गावात लहान पोरालाही कळतं.

“त्यांना खाली आणखी जागा हवी आहे,” आत्यानं ठरवलं. “शिवणाचं सामान किती असतं! चुकलंच माझं.” मग तिनं चार दिवस खपून दुसरं डिझाइन केलं. पलंगाखाली खण, बाकाखाली खण, पायरीखाली खण, देवघराच्या खालीसुद्धा खण. जमिनीपासून गुडघ्यापर्यंत घरात बोट घालायला जागा उरली नाही.

या वेळी काकूंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. पडद्याकडं बघता बघता त्यांनी पाय खुर्चीवर वर ओढून घेतले. हे मला दिसलं. का ओढले ते काही कळलं नाही.

“आणि खालीच वाढवलं होय,” त्या हळूच म्हणाल्या.

“तुम्हीच म्हणालात ना, खाली काय आहे म्हणून?”

“मी म्हटलं खरं.” काकूंनी पिशवी उचलली. “बरं आहे. अभय एक सांगलीचा माणूस बघतोय, तो पण दाखवणार आहे दोन-चार चित्रं. मग सांगते हं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, ताई.”

आत्यानं मनाला लावून घेतलं. पुण्याला कळवायला आठ दिवस उरले होते. तिनं पत्र ड्रॉवरमधून काढून टेबलावर ठेवलं, त्यावर टेपचा डबा ठेवला आणि “रविवारी लिहिते उत्तर” म्हणून खाली निघून गेली.

मी काय करू शकत होते? मी तिच्या खुर्चीत बसून सॉफ्टवेअरशी खेळू शकत होते. ते मी केलं. रागानं केलं. त्या रविवारी दुपारी बाबा आणि आत्या एका लग्नाला गेले होते, आणि मी व्यावसायिक आवृत्ती म्हणजे नक्की काय असतं ते पाहायचं ठरवलं. मराठीत, हिंदीत, कुठल्या कुठल्या भाषेत शिकवणारे व्हिडिओ लावले आणि आत्यानं कधीच न दाबलेलं एकेक बटण दाबत सुटले.

आणि काय काय निघालं त्यात! आपलं स्वतःचं सामान बनवून साठवता येतं. मग मी हिरवी सफरचंदं हाकलली आणि वहीतल्या मापांनी काकूंचं खरं सामान केलं. पायाची शिलाई मशीन, लोखंडी ट्रंक, गाद्यांची चळत, गॅसचं सिलिंडर, पिठाचा डबा. प्रत्येक गोष्ट वेगळ्या थरात ठेवून तो थर डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारून लपवता येतो किंवा दाखवता येतो. कोणता महिना, किती वाजलेत ते सांगितलं की ऊन कुठल्या खिडकीतून येईल तेही दिसतं! आणि कॅमेरा कुणाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवायचा ते आपण ठरवू शकतो. आत्तापर्यंत आम्ही काकूंचं घर जावईबापूंच्या डोळ्यांनी बघत होतो. साडेपाच फुटांवरून. मी जावईबापूंना कायमचं पुसलं आणि चार फूट दहा इंचांची नऊवारीतली एक बाई उभी केली. (काकू सहावारी नेसायच्या. पण मला नऊवारीच जमली.) तिचे डोळे आले चार फूट सहावर.

मग मला ती चौकट सापडली. घर आडवं कापून वरून आत बघायची चौकट. ती जमिनीवर ठेवायची आणि माऊसनं वर ओढायची. मी ओढली. चौकट फरशीवरून निघाली आणि सावकाश वर सरकायला लागली. आधी चपला तिच्याखाली गेल्या. मग पायरी, मग बाकाखालचे खण. पलंग, मशीनचं पायडल...

माझा हात थांबला.

मी हे असं वर चढताना पाहिलं होतं. आमचं घर उंचावर आहे, आम्हाला पाणी लागलं नव्हतं. पण त्या वर्षी बाबांचा हात धरून मी खालच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होते आणि एका घराच्या पायऱ्या मोजत होते. सात, सहा, पाच.

मी वही उघडली. ‘दाराच्या मागे रेघ, ४–७.’

एक नवीन थर केला. नाव दिलं ‘पाणी’. घरभर पसरेल एवढा एक ठोकळा, काचेसारखा, निळसर, उंची चार फूट सात. आणि कॅमेरा होता तिथंच ठेवून डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारली.

अख्खा पडदा निळा झाला.

मला वाटलं लॅपटॉप बिघडला. दोनदा बंद-चालू करून पाहिलं. निळा. मग एकदम लक्षात आलं. काही बिघडलं नव्हतं. काकूंचे डोळे चार फूट सहावर होते. पाणी चार फूट सात.

मी कॅमेरा छताजवळ नेला. खाली आत्याचं सुंदर घर होतं आणि त्यातलं एकूण एक काम निळ्याच्या आत होतं. सगळे खण. दुसऱ्या डिझाइनमध्ये तर आम्ही हौसेनं वाढवलेले.

आत्या लग्नाहून आली, जरीच्या साडीतच वर आली. “काय गं, जेवलीस का? लाडू आणलाय तुला.” मी लॅपटॉप तिच्याकडं वळवला. तिनं पाहिलं. लाडवाची पिशवी हातातच राहिली.

“ही ती रेघ,” मी म्हटलं. “तू विचारलं होतंस ना, रेघ कुठं घालू.”

आत्या खाली बसली. बराच वेळ ती डोळ्याच्या चिन्हावर टिचक्या मारत राहिली. पाणी आहे, पाणी नाही. पाणी आहे, पाणी नाही.

“त्या दोनदा म्हणाल्या,” ती म्हणाली. “खाली काय आहे. आणि मी काय केलं? देवघराखाली खण!”

“पण सरळ का नाही सांगितलं त्यांनी?”

उत्तर बाबांनी दिलं. ते कधी वर आले होते कोण जाणे, जिन्यातच उभे होते. “नव्या घरात पुराचं नाव कोण काढतं, प्रांजल? आणि पोरगा तर रोज सांगत असणार, आई, आता नाही येत पाणी, विसर. ती कुठल्या तोंडानं म्हणणार?” मग त्यांनी पडदा नीट पाहिला आणि पहिल्यांदाच प्लायचा विनोद केला नाही. “हेमे, सरक. पेन्सिल दे.”

पुढचे पाच दिवस आमच्या पोटमाळ्यावर जे चाललं, ते आठवलं की मला अजून उकळ्या फुटतात! सगळं वर न्यावं तर काकूंचा हात पोहोचणार नाही. सगळं खाली ठेवावं तर बुडणार. तोड बाबांनी काढली. खालचा कुठलाच खण अडकवलेला नको. प्रत्येक खण म्हणजे दोन कड्यांची सुटी पेटी, काकूंनी आणि क्लासच्या एखाद्या मुलीनं सहज उचलावी अशी. खाली दगडी कडाप्प्याचे कप्पे, त्यात रोजच्या दिवशी पेट्या. आणि वर, माळ्यावर, त्याच मापाचे रिकामे कप्पे. पेटीवर आकडा, कप्प्यावर तोच आकडा. माळ्यावर चढायला शिडी नको, पक्क्या पायऱ्या. मशीनचं डोकं दोन स्क्रू काढले की सुटतं, त्याला वर वेगळी फळी.

बाबा कागदावर काढायचे, आत्या मापात बसवायची आणि मी चित्रांची रांग लावायचे. एक, रोजचं घर. दोन, पाणी येतंय म्हणून कळल्यावर पेट्या वर चढताना. तीन, पाणी आल्यावर. पेट्या होत्या चौदा. हिशेब करून मी दुसऱ्या चित्राला नाव दिलं, ‘पंचवीस मिनिटं’.

शनिवारी काकू येणार होत्या. शुक्रवारी आत्या म्हणाली, “पाण्याचा थर बंद ठेवायचा. दाखवायचा नाही.”

“का?”

“अगं, गिऱ्हाइकाच्या घरात पाणी शिरलेलं दाखवतात का? नव्या घरात? त्या रडल्या तर? नुसतं डिझाइन बघतील, त्यांना समजेल.”

मला पटलं नाही. पण मी आठवीतली मी होते. गप्प बसले.

शनिवारी काकू आल्या, फोनवर अभयदादा आला. आत्यानं पहिलं चित्र लावलं आणि बोलायला लागली. तिचा आवाज थोडा कापत होता. सुट्या पेट्या म्हणाली, कडाप्पा म्हणाली, सफाईला सोपं म्हणाली.

“हे काय, ट्रंकाच ठेवल्यात की सगळीकडं!” अभयदादा फोनमधून म्हणाला. “आणि वरचे कप्पे रिकामे का? मॅडम, सांगलीचा माणूस अख्खं ग्लॉसी करून देतोय. हे म्हणजे गोडाऊन वाटतंय.”

आत्यानं काकूंकडं पाहिलं. काकू पडद्यावरच्या आपल्या मशीनकडं बघत होत्या. ओळखीचं काहीतरी दिसल्यासारख्या. पण मग त्यांनी फोनकडं पाहिलं, मुलाकडं, आणि पिशवीचे बंद हातात घेतले.

“बरं आहे, ताई,” त्या म्हणाल्या. “बघ...”

तेव्हा मी हात वर केला.

खरंच केला! वर्गात करतात तसा. कुणीही मला काही विचारलेलं नसताना. आत्या मानेनं ‘नको, नको’ करत होती, ते मला दिसलं. मी तिसरं चित्र लावलं आणि डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारली.

घर पाण्यानं भरलं.

“अहो, हे काय!” अभयदादा ओरडला. “आईला काय दाखवताय तुम्ही? बंद करा ते!”

“थांब रे,” काकू म्हणाल्या.

मोठ्यानं नाही म्हणाल्या. पण तो थांबला. काकूंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला आणि पडद्याजवळ आल्या.

“पाणी किती घेतलंयस?”

“चार फूट सात.”

“रेघेवरनं?”

“हो. तुम्ही नको म्हणालात, पण मी मोजलं होतं. चुकलं माझं.”

काकूंचं बोट पडद्यावर फिरत होतं. निळ्याच्या वर माळ्यावर ओळीनं चौदा पेट्या, एकापासून चौदापर्यंत. फळीवर मशीनचं डोकं. आणि तिथं पेट्यांशेजारी मी ती नऊवारीतली बाई बसवली होती, पाय खाली सोडून. पाय पाण्याच्या वीतभर वर.

“ही वर कोण बसलीय?”

“तुम्ही.”

“मी कधी नऊवारी नेसले गं?” काकू म्हणाल्या आणि हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. “दोन दिवस मी अशीच बसले होते वर. खाली बघत. मशीन कुठं आहे तेवढं शोधत होते. गढूळ पाणी, काही दिसायचं न्हाई. ह्या चित्रात कसं सगळं दिसतंय.”

फोनमधून अभयदादा हळूच म्हणाला, “आई, तू कधी बोलली नाहीस.”

“तू ‘विसर’ म्हणायचास ना.” काकूंनी नाक पुसलं आणि एकदम क्लास घेणाऱ्या बाई झाल्या. “पोरी, ते पाणी वाढवता येतं का?”

“हो, किती?”

काकूंनी पडद्यावर हात टेकला, अंगठा निळ्याच्या कडेवर, करंगळी वर. “वीतभर आणखी. नदीचा काय भरवसा.”

मी आकडा बदलला. पाणी चढलं, नऊवारीतल्या बाईचे तळवे निळ्याला टेकले. माळा मात्र कोरडाच राहिला.

“माळा एक फूट वर घेऊ?” आत्यानं विचारलं. आता तिचा आवाज कापत नव्हता. ती पेन्सिल कानावर खोचून खुर्ची पुढं ओढत होती, अगदी बाबांसारखी.

“घ्या की,” काकू म्हणाल्या. “आणि सांगलीच्या माणसाला सांग, अभय, तुझी ग्लॉसी तुझ्याकडंच ठेव म्हणावं.”

त्या गेल्यावर आत्यानं माझा कान पकडला. “दाखवायचं नाही म्हटलं होतं ना मी?”

“हो.”

“मग?”

“मग काय. मॅनेजर आहे मी.”

तिनं कान सोडला आणि मला इतकं घट्ट मिठीत घेतलं की माझी वेणी तिच्या चष्म्यात अडकली. मग तिनं टेपचा डबा उचलला, खालचं पत्र घेतलं आणि पुण्याला उत्तर लिहायला बसली. दोनच ओळींचं. मी मागून वाचलं. त्या दिवशी भेळ दोन प्लेट.

त्यानंतर आत्याच्या कोऱ्या फाइलमध्ये जावईबापू कधी आले नाहीत. तिथं नऊवारीतली बाई उभी असते आणि ‘पाणी’ नावाचा एक थर आधीपासून तयार असतो, कुठल्याही घराला, अगदी डोंगरावरच्या घरालासुद्धा. डोंगरावरच्या घरी त्या थराचं नाव कधी ‘ओल’ होतं, कधी ‘माकडं’. पाटीही तिथंच आहे. त्यावर आता ‘खालच्या गल्लीतली घरं करून मिळतील’ अशी ओळ वाढली आहे, आणि गल्लीतल्या अकरा घरांत आकडे घातलेल्या पेट्या आहेत.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. धरणातून पाणी सोडलं, नदी फुगली, गल्लीत भोंगा वाजला. आम्ही सगळे कारखान्याच्या दारात उभे राहून रस्त्याकडं बघत होतो. पाणी गल्लीच्या तोंडापर्यंत आलं, काकूंच्या पहिल्या पायरीला लागलं, थोडं घुटमळलं आणि संध्याकाळी माघारी गेलं.

तेवढ्यात आत्याचा फोन वाजला. तिनं ऐकलं आणि डोळे मिचकावत माझ्या हातात दिला. “तुझ्यासाठी आहे.”

“काय गं मॅनेजर,” काकूंचा आवाज आला, मागं दहा-बारा मुलींचा कलकलाट. “पाणी काही आत आलं न्हाई.”

“वाचलो, काकू!”

“वाचलो काय वाचलो! भोंगा वाजल्याबरोबर क्लासच्या पोरींना घेऊन सगळं वर चढवलं मी. चौदाच्या चौदा पेट्या, वर मशीनसुद्धा. घड्याळ लावून. चाळीस मिनिटं लागली. तुझ्या चित्रात पंचवीस लिहिली होतीस.”

“अहो, पण...”

“पण-बिण न्हाई. चाळीस लिहायचं तिथं. आणि आता ये उतरवायला.”